लेंडीतली वाघर: जंत पकडणारी बुरशी मेंढ्यांच्या कामी कशी येते

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की मेंढपाळांची एकच तक्रार ऐकू येऊ लागते. "पंधरा दिवसांपूर्वीच जंताचा डोस पाजला, तरी कोकरं सुकतातच कशी?" जबड्याखाली मऊ सूज आलेली असते, खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक दिसते, चालता चालता मेंढी मागे राहते. मग दुसऱ्या नावाची बाटली आणली जाते आणि बऱ्याचदा तिच्यात औषध तेच असतं. याच दिवसांत 'जंत खाणाऱ्या बुरशी'ची माहिती फोनवरून फिरते. ती चारली की औषधाची गरजच नाही, असंही कुणी सांगतं.

बुरशी खरी आहे. तिच्यामागे तीस वर्षांहून अधिक काळाचं संशोधन आहे आणि काही देशांत ती रीतसर विकली जाते. पण ती मेंढीच्या पोटातला एकही जंत मारत नाही. तिचं सगळं काम मेंढीच्या बाहेर, लेंडीत चालतं. एवढं ध्यानात न घेता ती वापरली की पैसे जातात आणि मेंढीही जाते.

आधी जंताचा फेरा समजून घेऊ

चरणाऱ्या मेंढ्यांना होणाऱ्या जंतांपैकी सगळ्यांत घातक म्हणजे हिमॉन्कस. तो आतड्यातही नसतो. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे, त्यातल्या चौथ्यात, म्हणजे खऱ्या जठरात तो राहतो. मेलेल्या मेंढीचं जठर कापून पाण्यात धरलं तर दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे, दोऱ्यासारखे जंत वळवळताना दिसतात. मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ असतो. लाल असतं ते रक्ताने भरलेलं तिचं आतडं आणि त्याभोवती गुंडाळलेला पांढरा धागा म्हणजे तिचं अंडाशय.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब करून बघा. पोटात हजार जंत असतील तर रोज ५० मिली. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून दोन लिटरही रक्त नसतं. चांगला चारा असेल तर ती काही दिवस भरून काढते, नंतर हरते. कोकराला तेवढेही दिवस मिळत नाहीत.

मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते आणि ती लेंडीवाटे बाहेर पडतात. जुलै-ऑगस्टची ऊब आणि ओल मिळाली की अंड्यातून अळी निघते, लेंडीतले जिवाणू खाते, दोनदा कात टाकते आणि साधारण आठवड्याभरात तिसऱ्या अवस्थेला पोहोचते. ही तिसरी अवस्थाच मेंढीला बाधते. ती दुसरी कात अंगावरून उतरवत नाही, अंगरख्यासारखी पांघरून बसते. त्यामुळे तिचं संरक्षण होतं, पण तोंडही झाकलं जातं. अंगातल्या साठ्यावर जगत ती दवाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या पापुद्र्यातून गवताच्या पात्यावर चढते. मेंढी ते पातं खाते आणि तीन आठवड्यांत तिच्या पोटातला नवा जंत अंडी घालू लागतो.

म्हणजे कोणत्याही दिवशी पाहिलं तर बहुतेक जंतसंख्या मेंढीच्या पोटात नसतेच. ती अंडी आणि अळ्यांच्या रूपात लेंडीत आणि गवतावर असते. औषध फक्त पोटातल्या जंतांना लागू पडतं. पाजून मेंढी त्याच रानात सोडली की भरती पुन्हा सुरू.

औषधं हरू का लागली

थायाबेंडाझोल हे पहिलं आधुनिक जंतनाशक १९६१ साली आलं. १९६४ मध्येच त्याला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसची नोंद अमेरिकेत झाली. भारतातून अशी नोंद १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये बाजारात आलं. त्याच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं आणि माणसांच्या आजारांत त्याचे उपकार मोठे आहेत, पण मेंढ्यांचे जंत दहा वर्षांच्या आत त्याला सरावू लागले. मोनेपँटेल हे अगदी नव्या गटातलं औषध २००९ मध्ये न्यूझीलंडला आलं आणि चारच वर्षांत तिथूनच ते निकामी ठरल्याची नोंद झाली.

औषध ही एक चाळण आहे. दरवेळी तिच्यातून जे थोडे जंत सुटतात त्यांचीच पुढची पिढी होते. वजन डोळ्यांनी ठरवून कमी डोस दिला की चाळणीची भोकं आणखी मोठी होतात. एकच औषध वर्षानुवर्षं, अख्ख्या कळपाला, ठरल्या तारखेला पाजलं की न सरावलेले जंत कुठेच उरत नाहीत आणि सरावलेल्यांना रान मोकळं मिळतं. गवतावरच्या अळ्या मारणारं काही सापडेल का, हा शोध या अडचणीतून सुरू झाला.

बुरशी जंत पकडते म्हणजे नेमकं काय करते

रात्री मेंढ्या कोंडायला धनगर वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावतात, तशी वाघर ही बुरशी लेंडीत लावते. तिचं शास्त्रीय नाव डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स. इंग्लंडमधले बुरशीचे अभ्यासक डडिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचं वर्णन केलं आणि पुढे वंशाला त्यांचंच नाव मिळालं.

एरवी ही बुरशी कुजणाऱ्या पदार्थांवर साधी वाढते. आसपास अळ्यांची वळवळ जाणवली की तिच्या तंतूंना चिकट फासे फुटतात, ते एकमेकांत गुंतून जाळं होतं. फासा आवळला जात नाही, तो फक्त चिकटतो. अळी सुटायला जितकी धडपडते तितकी आणखी फाशांना चिकटते. मग बुरशीचा बारीक तंतू अळीची कातडी भेदून आत शिरतो, आत फुगतो, फांद्या फोडतो आणि अळीला आतून पचवून टाकतो. सूक्ष्मदर्शकाखाली नंतर फक्त रिकामी कात दिसते, तंतूंनी भरलेली.

सगळं लेंडीत, अळ्या बाहेर पडण्याआधी, त्या एका आठवड्यात घडायला हवं. अळी गवतावर चढली की ती वाघरीबाहेर गेली.

शेतकऱ्याला हे तत्त्व नवं नाही. पिकाच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा ही बुरशी सोडतो तसंच हे, फक्त शेणखतात कालवण्याऐवजी मेंढीच्या पोटातून पोहोचवलेलं. डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणारे निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी, हे मेंढीच्या या जंतांचे नातेवाईकच.

मेंढीच्या पोटातून जिवंत बाहेर कशी येते

सूत्रकृमी पकडणाऱ्या बुरश्या बऱ्याच आहेत. कोपनहेगनच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात आधी आर्थ्रोबॉट्रिस नावाची बुरशी शेणात मिसळून पाहिली. अळ्या कमी झाल्या. पण शेकडो जनावरांच्या शेणात रोज कोण बुरशी कालवत बसणार? ती चाऱ्यातून जायला हवी आणि तिथेच गाडं अडलं, कारण रवंथ, आम्ल आणि आतड्यातला प्रवास तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, सोसत नव्हते. मग त्यांनी उलटं केलं. आधी पोटातल्यासारखी परिस्थिती प्रयोगशाळेत उभी केली आणि तिच्यातून तगून निघणाऱ्या बुरश्याच तेवढ्या निवडल्या. त्या चाळणीत डडिंग्टोनिया टिकली. तिचे बीजाणू जाड कवचाचे असतात. पावट्याचा दाणा गाईच्या शेणातून तसाच बाहेर पडून उगवावा, तसे ते लेंडीत येऊन रुजतात.

पुढे ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संस्थेत मेंढ्यांवर भरपूर काम झालं आणि २०१८ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिकेत 'बायोवर्मा' या नावाने ती उपलब्ध झाली. अमेरिकेत तिची नोंदणी जनावराचं औषध म्हणून झालेली नाही, पर्यावरण खात्याकडे जैविक कीडनाशक म्हणून झाली आहे, कारण तिचा परिणाम जनावराबाहेर होतो. ब्राझीलनेही आपला वेगळा वाण काढला. मलेशियात, म्हणजे आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत, ती खुराकातून आणि चाटण-विटेतून देऊन चाचण्या झाल्या. आपल्याकडे आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात या बुरशीवर अभ्यास झाला आहे. त्यातला एक निष्कर्ष फार कामाचा आहे, तो पुढे येईल.

किती, कधी, किती दिवस

ऑस्ट्रेलियन उत्पादनाचं प्रमाण आहे दर किलो वजनामागे रोज ३०,००० बीजाणू. त्यांच्या १ ग्रॅम भुकटीत किमान ५ लाख बीजाणू असतात, म्हणून १०० किलो वजनाला ६ ग्रॅम. आपली डेक्कनी मेंढी ३० किलोची धरली तर रोज १.८ ग्रॅम, शंभर मेंढ्यांना १८० ग्रॅम. साठ दिवसांचे १०.८ किलो होतात. दुसरं उत्पादन असेल तर भुकटीचे ग्रॅम जुळवण्यात अर्थ नाही. पाकिटावर एका ग्रॅमला किती बीजाणू लिहिलेत ते बघून हिशेब मांडायचा.

१८० ग्रॅम भुकटी थेट २० किलो भरड्यात टाकली तर काही मेंढ्यांना दुप्पट आणि काहींना शून्य मिळते. आधी ती किलोभर भरड्यात कालवायची, ते पाच किलोत, मग पुरत्या वीस किलोत. दर मेंढीला २०० ग्रॅम पडेल. गव्हाणीवर प्रत्येकीला हातभर जागा हवी, नाहीतर दांडग्या मेंढ्या दुबळ्यांचं खातात, आणि सगळ्यांत जास्त अंडी टाकणारी मेंढी बहुतेकदा त्या दुबळ्यांतच असते.

रोज दिली पाहिजे हा यातला सगळ्यांत जाचक भाग आहे. बीजाणू पोटात घर करत नाहीत, एक-दोन दिवसांत निघून जातात. आठवड्यातून दोनदा चारणं म्हणजे बाकीच्या दिवसांच्या लेंड्या मोकळ्या सोडणं. भुकटी कोरडी, सावलीत ठेवायची आणि रोजचं रोज मिसळायचं. खुराक ओला करून ठेवला तर बीजाणू पोत्यातच रुजतात आणि मरतात. गोळी पेंड बनवताना लागणारी उष्णताही त्यांना सोसत नाही, म्हणून भुकटी गिरणीतून काढून आणण्याचा विचार सोडा.

वेळ म्हणाल तर पाऊस लागून रान हिरवं होऊ लागताच सुरुवात करावी आणि किमान दोन महिने चालवावी. पावसाळ्यात मेंढ्या वीत असतील तर विण्याआधी दोन आठवड्यांपासून. विण्याच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती ढिली पडते, तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात आणि तेच गवत महिनाभराने तिचं कोकरू खायला लागतं.

सुरुवातीलाच पोटातले जंत खाली करून घ्यायचे, हे विसरू नका. ज्या मेंढ्यांची पापणी फिकी आहे त्यांना अजून लागू पडणारं औषध द्या आणि मग बुरशी सुरू करा. पांढऱ्या पापणीच्या मेंढीला नुसती बुरशी चारत बसलात तर ती आठवड्यात दगावेल.

एप्रिल-मेमध्ये पठारावर ही बुरशी चारू नये. लेंडी तासाभरात कडक होते, आत अळीही वाढत नाही आणि बुरशीही. ते काम ऊन फुकटात करतं. अगदी कोसळत्या पावसातही गुण कमी येतो, कारण लेंड्या फुटून वाहून जातात आणि बुरशीला रुजायला वेळ मिळत नाही.

अल्बेंडाझोल आणि बुरशी एकत्र नकोत

आणंदच्या अभ्यासातला निष्कर्ष हाच. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही जंतनाशकं बेंझिमिडाझोल गटातली. द्राक्ष आणि भाजीपाल्यावर मारतात ते कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही त्याच गटातलं! म्हणजे ज्या औषधाने जंत मारायचे तेच लेंडीत उतरून आपल्या बुरशीला मारतं. अल्बेंडाझोल पाजलं असेल तर आठवडाभर थांबून मग बुरशी सुरू करावी. लेव्हामिसोल वेगळ्या गटातलं आहे, त्याची ही अडचण नाही.

यकृतात राहणारे चपटे जंत, पट्टकृमी आणि कोकरांना रक्ती हगवण लावणारा कॉक्सिडिया यांच्यावरही ही बुरशी चालत नाही. त्यांच्या अशा वळवळत्या अळ्या लेंडीत नसतातच. धरणाकाठी, कालव्याकाठी चरणाऱ्या कळपात निम्मा त्रास चपट्या जंतांचा असू शकतो. म्हणून आधी लेंडी तपासून कोणत्या जंताची अंडी आहेत ते बघायचं.

"बुरशी लागलेली पेंड तर आपण फेकून देतो"

बरोबर करता, तसंच करत राहा. शेंगदाण्याच्या पेंडीवर येते ती अ‍ॅस्परजिलस, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते यकृत खातं. डडिंग्टोनिया वेगळी जात आहे. मेंढीच्या पोटात ती वाढतही नाही, कारण तिथे हवा नाही. फक्त बीजाणू म्हणून पार होते. पण यावरून कुणी घरच्या घरी शेण कुजवून त्यातली बुरशी चारू नये. कोणती उगवली ते डोळ्यांना कळत नाही.

जमिनीतल्या चांगल्या सूत्रकृमींचं काय?

शंका रास्त आहे, कारण फासा मित्र-शत्रू ओळखत नाही. जमिनीतले कित्येक सूत्रकृमी माती जिवंत ठेवतात. पण ही बुरशी लेंडीबाहेर फारशी पसरत नाही आणि लेंडी मातीत मिसळून गेली की तिचं प्रमाण ओसरतं. कुरणांत पाहणी केली तेव्हा मातीतल्या सूत्रकृमींवर टिकाऊ वाईट परिणाम दिसला नाही. शेणकिडेही सुखरूप राहतात, उलट आयव्हरमेक्टिनचा अंश लेंडीत उतरून त्यांच्या अळ्या मरतात.

जंत या बुरशीलाही सरावतील का?

जाळ्यातून सुटण्यासाठी अळीला कातडी किंवा चालच बदलावी लागेल, एखादं रेणूचं कुलूप बदलून भागणार नाही. शिवाय औषधाला सरावलेली आणि न सरावलेली अळी बुरशीला सारखीच. पण एक बारकी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बुरशीने गवत साफ झालं की त्यावर न सरावलेल्या अळ्याही कमी उरतात. अशा वेळी अख्ख्या कळपाला औषध पाजलं तर नंतर जे दिसतील ते बहुतेक सरावलेलेच जंत. म्हणून बुरशी वापरणाऱ्याने तर पापणी बघूनच, निवडक मेंढ्यांना औषध द्यायला हवं. दक्षिण आफ्रिकेत यासाठी 'फमाचा' हा पापणीच्या पाच रंगांचा तक्ता तयार झाला. १ आणि २ म्हणजे लालबुंद, औषध नको. ४ आणि ५ म्हणजे फिकट-पांढरी, लगेच द्या. ३ ला अंगमास आणि हंगाम बघून ठरवा. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात एकवटलेले असतात, म्हणून एवढ्याने भागतं.

त्याच त्याच मेंढ्या दरवेळी ४ वर येत असतील तर त्या पैदाशीतून काढाव्यात. जंतांना तोंड देण्याची ताकद रक्तातून उतरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने डेक्कनी मेंढ्यांचा बंगालच्या गरोल मेंढ्यांशी संकर केला, तेव्हा संकरित कोकरांत हा गुण स्पष्ट दिसला.

फिरत्या कळपाला तिचा काय उपयोग?

खरं सांगायचं तर जवळपास काहीच नाही. दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागलेला कळप आज इथे बसला तर उद्या पुढच्या शेतात. त्याची लेंडी ज्या रानात पडते त्या रानात तो पुढचे कित्येक महिने परतत नाही. उष्ण-दमट हवेत गवतावरच्या बहुतेक अळ्या पाच-सहा आठवड्यांत साठा संपून मरतात. आपल्या फिरस्तीत जंतांचा हा बंदोबस्त मुळातच आहे. टोंगा बेटावर शेळ्यांसाठी नेमकं हेच केलं गेलं. रानाचे दहा भाग पाडायचे आणि प्रत्येकात साडेतीन दिवस चारायचं, म्हणजे पहिल्या भागावर परत यायला पस्तीस दिवस लागतात. मध्ये एक महिना गवत रिकामं.

गरज पडते ती पावसाळ्यात गावाकडे स्थिरावलेल्या कळपाला, तीच माळरानं रोज तुडवणाऱ्याला आणि कुंपणातल्या बंदिस्त-अर्धबंदिस्त मेंढीपालनाला. त्यांच्याकडे रोज गव्हाणीवर खुराक द्यायची सोयही असते. ज्याच्याकडे रानाचे भाग पाडण्याइतकी जागा आहे, त्याने आधी ते करावं. त्याला पैसे लागत नाहीत.

गुण आला की नाही हे कसं बघायचं

बुरशी चालू असताना लेंडीतली अंडी मोजून काही कळत नाही. अंडी तितकीच दिसतील, कारण बुरशी अंड्यांना हात लावत नाही. लगेच पापण्याही लाल होणार नाहीत. ऑस्ट्रेलियात यासाठी बुरशी खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या मेंढ्या चरलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या कुरणांत जंतमुक्त कोकरं सोडून नंतर त्यांच्या पोटातले जंत मोजले. बुरशीच्या कुरणातल्या कोकरांत ते निम्म्याहून जास्त घटले, काही ठिकाणी ऐंशी टक्क्यांपर्यंत. शंभर टक्के कुठेच नाही.

आपल्याला बरण्यांची चाचणी जमते. बुरशी खाणाऱ्या पाच-सहा मेंढ्यांच्या आणि न खाणाऱ्या तितक्याच मेंढ्यांच्या लेंड्या गुदद्वारातून, हातमोजा घालून काढायच्या. जमिनीवरच्या उचलल्या तर मातीतले सूत्रकृमी चढलेले असतात आणि मोजणी फसते. दोन्ही गटांच्या दहा-दहा ग्रॅम लेंड्या हलक्या हाताने फोडून वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत भरायच्या. ओल भिजवलेल्या मातीसारखी असावी. पाणी साचलं तर कुजतं, सुकलं तर अळ्या मरतात. झाकण सैल ठेवायचं, आत हवा गेली पाहिजे. सावलीत आठ दिवस ठेवायचं आणि एक दिवसाआड पाणी शिंपडायचं.

आठव्या दिवशी बरणी कोमट पाण्याने काठोकाठ भरायची, तोंडावर बशी ठेवून झटकन उलटी करायची आणि बरणीच्या बाहेर, बशीच्या कडेला थोडं स्वच्छ पाणी घालायचं. रात्रभरात अळ्या त्या स्वच्छ पाण्यात पोहत येतात. सकाळी ते पाणी शोषून पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचं. दोन्ही गटांच्या लेंडीत सुरुवातीला अंडी किती होती हेही तिथेच मोजून घ्यायचं, नाहीतर तुलनाच चुकेल. बुरशीच्या बरणीत अळ्या निम्म्याहून कमी नसतील तर दोष बहुतेक साठवणीत किंवा गव्हाणीवरच्या वाटपात असतो. आधी भुकटीचं पोतं उघडून ओल लागली आहे का ते बघा.